घरचा संगणक : आराखडा आधी, खरेदी नंतर



घरात संगणक घ्यायचा असे एकदा ठरले, की पहिला प्रश्न विचारला जातो तो "कोणता घ्यावा?" हा. शेजारचे काका एक नाव सांगतात, मामा दुसरे सांगतात, दुकानदार तिसरेच सुचवतो. आणि अखेर आतून रंगीबेरंगी दिवे लागणारी एक पेटी घरी येते. माझ्या मते हा प्रश्नच मुळी चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. आधी विचारायला हवेत ते तीन निराळेच प्रश्न. या संगणकावर आपण काम कोणते करणार? आपल्या भिंतीतल्या प्लगमध्ये येणारी वीज कशी आहे? आणि हे यंत्र बिघडले तर ते दुरुस्त कोण करणार? या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून झाली, की "कोणता घ्यावा" याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. शिवाय असेही ध्यानात येते, की शहरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाने तयार बंद पेटी घेण्यापेक्षा सुटे भाग निवडून संगणक जोडून घेणे पुष्कळ वेळा अधिक शहाणपणाचे ठरते.

हे नुसते सांगून पटणार नाही. म्हणून आपण एक घर डोळ्यांसमोर आणू या.

असे समजा, की गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी, मार्कंडा या गावी नववीत शिकणारी एक मुलगी राहते. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे आणि जुन्या कोरीव देवळांमुळे हे गाव तुमच्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल. घरची शेती धानाची. धान विकून आलेल्या पैशांतून काही रक्कम वडिलांनी संगणकासाठी बाजूला ठेवली आहे. ही रक्कम पुन्हा लवकर जमणारी नाही. म्हणून तिचा एकेक रुपया कारणी लागला पाहिजे. या घरासाठी आराखडा कसा करावा?

वीज : पहिले पान

मुलीला अभ्यासाचे व्हिडिओ पाहायचे आहेत, मराठीत टंकलेखन करायचे आहे, थोडे प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. धाकट्या भावाला अधूनमधून खेळ खेळायचे आहेत. एवढ्या कामासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. चित्रे दाखवणारा भाग अनेक प्रोसेसरांच्या पोटातच असतो. असा संगणक आणि त्याचा पडदा मिळून साधारणपणे १०० वॅटच्या आसपास वीज घेतील असे धरू. रोज ५ तास वापर झाला तर १०० × ५ = ५०० वॅट-तास, म्हणजे अर्धा युनिट. महिन्याचे झाले १५ युनिट. याउलट भारी ग्राफिक्स कार्ड घालून ४०० वॅट घेणारे यंत्र तेवढाच वेळ त्याच जोमाने चालवले, तर महिन्याचे ६० युनिट होतील. खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते. विजेचे बिल मात्र दर महिन्याला येते. दुकानातल्या पाटीवर हा दुसरा आकडा कधीच लिहिलेला नसतो. तो आपणच काढायचा असतो.

आता "लाईन गेली" तर काय? त्यासाठी यूपीएस घेतात. लहान यूपीएसच्या आत बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. दोन्हींचा गुणाकार केला तर ८४ वॅट-तास ऊर्जा मिळते. १०० वॅटचा संगणक तिच्यावर ५० मिनिटे चालेल असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात बॅटरीतून इतक्या झपाट्याने वीज काढली की तिची पूर्ण ऊर्जा हाती लागत नाही, आणि रूपांतरातही काही ऊर्जा वाया जाते. म्हणून पंधरा-वीस मिनिटे मिळाली तरी समाधान मानावे. चालू काम जतन करून यंत्र नीट बंद करायला तेवढा वेळ पुरतो. ४०० वॅटचे यंत्र मात्र याच यूपीएसवर टिकणारच नाही. पाहा, ग्राफिक्स कार्डाचा निर्णय यूपीएसपर्यंत कसा पोहोचला! आराखडा करायचा तो यासाठीच. एका भागाची निवड दुसऱ्या भागाला बांधलेली असते.

खेड्यांतील दुसरी अडचण म्हणजे संध्याकाळी दाब उतरणे. २३० व्होल्टऐवजी १७०-१८० व्होल्टच मिळाले तर काय होईल? संगणकाच्या पेटीत एसएमपीएस नावाचा डबा असतो. तो घरातल्या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करून आतील भागांना पुरवतो. या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. काही डब्यांवर "२००–२४० व्होल्ट" असे असते, तर काहींवर "१००–२४० व्होल्ट". दुसऱ्या प्रकारचा डबा १७० व्होल्टवरही मुकाट्याने काम करतो; फक्त तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी तो प्रवाह जास्त ओढतो. १०० वॅटसाठी २३० व्होल्टला सुमारे ०.४३ अँपिअर लागत असतील, तर १७० व्होल्टला सुमारे ०.५९ लागतील. आपल्या मार्कंड्याच्या मुलीने कोणती चिठ्ठी पाहून डबा निवडावा, हे आता सांगायला नको. प्रोसेसरवर थोडे कमी खर्च करून या डब्यावर थोडे जास्त खर्च करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्कळ लोक नेमके याच्या उलट करतात, आणि काटकसरीसाठी घेतलेला स्वस्त डबा जळताना कधीकधी शेजारच्या महाग भागांनाही बरोबर घेऊन जातो.

जमिनीशी नाते

संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्याचा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेल. याचे कारण मोठे गमतीचे आहे. एसएमपीएसमध्ये विद्युत् गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, बसवलेले असतात. एक फेजपासून पेटीपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पेटीपर्यंत. दोन्ही सारखेच. पेटी अर्थिंगच्या तारेने जमिनीला जोडलेली असली, तर हा किंचित प्रवाह गुपचूप जमिनीत जातो. ती तार नसली, तर दोन सारख्या धारित्रांच्या मधोमध असलेली पेटी निम्म्या दाबावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, जाऊन बसते. प्रवाह अगदी थोडा असल्याने केवळ झिणझिण्या येतात. पण त्या एक इशारा देत असतात. भिंतीतल्या तीन भोकांपैकी मोठे भोक नुसते शोभेचे आहे, त्याच्या मागे तारच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

अनेक घरांत हीच स्थिती असते. तेव्हा संगणक येण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. हे काम तुम्ही स्वतः करू नका. प्लगच्या भोकात काहीही घालून पाहू नका. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. हे काम मात्र तुम्ही जरूर अंगावर घ्या.

जमिनीची गोष्ट निघाली तशी आकाशाचीही काढली पाहिजे. मार्कंड्याच्या मुख्य देवळावर काही शतकांपूर्वी वीज पडून शिखराचा भाग खाली मंडपावर कोसळला, असे सांगतात. दगडी शिखराची जिथे ही गत, तिथे बोटाच्या नखाएवढ्या चिपची काय कथा! आकाशातल्या विजेचा प्रवाह हजारो अँपिअरचा असतो. ती तुमच्या घरावरच पडावी लागते असे नाही; जवळच्या तारांपाशी पडली तरी तारांत क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो आणि तो प्लगमधून आत शिरतो. बटण बंद करून भागत नाही, कारण मैलभर हवा फोडून आलेल्या विजेला बटणातील काही मिलिमीटरची फट म्हणजे काहीच नव्हे. ढग जमू लागले, की प्लगच उपसून ठेवावा, आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र तारांना हात लावू नये. ही सवय फुकट आहे, आणि कोणत्याही महाग उपकरणापेक्षा अधिक कामाची आहे.

वैशाखातला प्रोसेसर

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. कवेलूंचे घर त्या मानाने बरे. या उष्म्याचा आणि संगणकाच्या निवडीचा संबंध काय?

प्रोसेसर जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेत बदलते. ती बाहेर काढण्यासाठी त्याच्यावर धातूच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा बसवतात. समजा हा ठोकळा असा आहे, की प्रत्येक वॅटमागे प्रोसेसरचे तापमान खोलीपेक्षा ०.७ अंशाने वाढते. ६५ वॅटचा प्रोसेसर असेल, तर ६५ × ०.७ म्हणजे सुमारे ४५ अंशांची वाढ. खोली २५ अंशांवर असताना तो ७० अंशांवर राहील. खोली ४५ अंशांवर असताना ९० वर जाईल. म्हणजे काठावर का होईना, पण निभावेल. आता १२५ वॅटचा जोरदार प्रोसेसर घेऊन त्यावर तोच ठोकळा बसवला तर? १२५ × ०.७ म्हणजे सुमारे ८७ अंशांची वाढ. त्यात ४५ मिळवा. उत्तर १३० च्या पुढे जाते! प्रत्यक्षात तिथपर्यंत काही पोहोचत नाही. शंभर अंशांच्या आसपास आले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे आपण पैसे दिले जोरदार प्रोसेसरचे, आणि ऐन सुट्टीत, जेव्हा तो सर्वांत जास्त वापरायचा, तेव्हा काम मिळाले साध्या प्रोसेसरचे. वातानुकूलित खोलीत बसून लिहिलेल्या शिफारशी मार्कंड्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत, त्या अशा.

प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एक राखाडी लेप लावतात. तो कशासाठी? दोन गुळगुळीत पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच असतात, आणि मधल्या फटींत हवा अडकते. हवा ही उष्णतेची अतिशय मंद वाहक. चांगला लेप हवेच्या शंभर-दोनशे पट अधिक उष्णता वाहून नेतो. पण धातू लेपापेक्षाही कितीतरी चांगला वाहक, म्हणून लेप पातळच हवा. भाकरीवर लोणी थापावा तसा तो थापू नये! आणि पेटीत साचणारी धूळ म्हणजे ठोकळ्यावर घातलेली गोधडीच. दोन-तीन महिन्यांतून एकदा, प्लग काढून, रंगाच्या कोरड्या ब्रशने ती झाडावी.

जोडणी आणि दुरुस्ती

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. मार्कंड्याहून नागपूर दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ऐन परीक्षेच्या तोंडावर यंत्र बंद पडले, तर त्याची पेटी बसमध्ये घालून तिकडे न्यायची काय? संगणक सुट्या भागांचा असेल, आणि तो तुमच्या डोळ्यांदेखत किंवा तुमच्याच हातांनी जोडलेला असेल, तर कोणता भाग रुसला आहे हे तुम्ही घरी शोधू शकता. एवढासा रॅमचा पट्टा टपालाने येऊ शकतो. अख्खी पेटी पाठवावी लागत नाही.

भाग तरी किती? प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा. रॅम म्हणजे त्याचे कामाचे टेबल. एसएसडी म्हणजे कपाट. मदरबोर्ड म्हणजे या सर्वांना जोडणारे रस्ते. एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा. आणि या सर्वांना सांभाळणारी पेटी. ते जोडायला एक स्क्रू-ड्रायव्हर, एक दुपार आणि भरपूर धीर पुरतो. सुती कपडे घाला, चटईवर पाय घासू नका, आणि कोणताही भाग उचलण्याआधी जमिनीशी जोडलेल्या एखाद्या धातूला हात लावा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर काही हजार व्होल्टचा स्थिरविद्युत् दाब सहज साचतो आणि आपल्याला तो जाणवतही नाही. चिपमधील काही नॅनोमीटर जाडीचा थर मात्र त्याने फुटू शकतो. एक नियम कडकपणे पाळा. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातील धारित्रांत धोकादायक भार काही वेळ टिकून असतो.

आराखड्यात उद्यासाठी जागा ठेवणे हीही एक कला आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना स्मृतिचिप्स लागू लागल्याने रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. अशा वेळी दोन खोबणींचा मदरबोर्ड घेऊन आज एकच पट्टा बसवावा आणि दुसरी खोबण पुढच्या हंगामासाठी मोकळी ठेवावी. प्रोसेसरच्या खोबणीचेही तसेच. २०१६ साली आलेल्या एएम४ नावाच्या खोबणीत २०२२ साली निघालेले प्रोसेसरही बसत होते; पुष्कळ जुन्या मदरबोर्डांना त्यासाठी आतला प्रोग्रॅम तेवढा नवा करावा लागे. ज्याने मदरबोर्ड विचारपूर्वक निवडला, त्याला सहा वर्षांनी केवळ एकच भाग बदलून भागले.

मोठ्यांनीही असेच केले

तुम्ही म्हणाल, चिप आपण करत नाही, मदरबोर्ड आपण करत नाही. मग नुसते जोडण्यात मोठेपण ते काय? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका छोट्या गटाने १९५० च्या दशकात भारतातच संगणक घडवायचे ठरवले. त्यांनी एकदम मोठे यंत्र हाती घेतले नाही. आधी एक लहान नमुना-यंत्र जोडले, त्यावर चुका शोधल्या, आणि मग मोठे उभारले. १९६० साली चालू झालेल्या या यंत्राला पुढे 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची होती. हिशेब करून पाहा : ती अवघी १० किलोबाइट भरते. आज ८ गिगाबाइटचा एक पट्टा तिच्या आठ लाखांहून अधिक पट आहे!

पुढे १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यातील ट्रान्सप्युटर या चिप्स ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीच्या होत्या. त्या बाजारात कोणालाही मिळत होत्या. त्या एकमेकींना कशा जोडायच्या आणि एक काम अनेकींत कसे वाटून द्यायचे, हा विचार मात्र आपला होता. जोडणीतही बुद्धी लागते, ती ही.

दुसरी बाजू

माझे मत एकांगी वाटू नये म्हणून दुसरी बाजूही मांडतो. लॅपटॉप वीज कमी घेतो आणि त्याची बॅटरी त्याच्याच पोटात असते. दहावीनंतर शिकायला वसतिगृहात जाणार असाल, तर लॅपटॉप घेणेच योग्य. पण अनेक लॅपटॉपांत आता रॅम पक्की डाखलेली असते. ती वाढवता येत नाही, आणि बिघडली तर सारा मदरबोर्डच बदलण्याची पाळी येते. मोबाईलवर पाहता पुष्कळ येते, पण प्रोग्रॅम लिहायला, लांब निबंध टाइप करायला, कोष्टके मांडायला तो अपुरा पडतो.

आणखी एक वाट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे अनेक चांगले जुने संगणक त्यामुळे कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. त्यांपैकी एखाद्यात नवी एसएसडी घालून लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली, तर शाळेच्या अभ्यासाला तो उत्तम चालतो. पैसे अगदीच थोडे असतील तर मी मार्कंड्याच्या मुलीला हाच मार्ग सुचवीन.

दुकानदारच जोडून देणार असेल, तरी हरकत नाही. मात्र तुम्ही समोर उभे राहा, प्रत्येक भागाचे नाव बिलावर वेगळे लिहून घ्या आणि रिकामे खोके व बिल जपून ठेवा. प्रत्येक भागाची हमी वेगळी असते, आणि बिल नसेल तर ती मिळत नाही.

माझी खरी अपेक्षा शाळांकडून आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत एक बाद झालेला संगणक केवळ उघडून पाहण्यासाठी ठेवलेला असावा. प्रत्येक विद्यार्थ्याने तो निदान एकदा सुटा करावा आणि पुन्हा जोडावा. आपण बेडकाची आतडी चित्रात ओळखतो, पण रोज ज्याच्यासमोर बसतो त्या यंत्राचे काळीज कुठे आहे हे सांगता येत नाही, ही गोष्ट बरी नव्हे. दूरच्या गावातल्या मुलामुलींना तर हे ज्ञान शहरातल्या मुलांपेक्षा अधिक हवे, कारण तिथे यंत्र बिघडले तर मदतीला येणारे कोणी जवळ नसते.

तेव्हा घरी संगणक यायचा असेल तर आज एवढेच करा. वहीचे एक पान घ्या. काम, वीज, उष्णता आणि दुरुस्ती असे चार रकाने पाडा. घरातल्या सर्वांना विचारून ते भरा. संध्याकाळी दाब किती उतरतो, अर्थिंग आहे की नाही, संगणक कोणत्या खोलीत राहील आणि तिथे दुपारी किती उकडते, हे सारे त्यात येऊ द्या. ते पान भरून झाले, की मगच दुकानाची पायरी चढा, आणि ते पान बरोबर न्या.